पंचेचाळीसचे चोपन्न

परवा लोणावळ्याच्या बाजारात दुसरीतली एक पोर आजीशेजारी बसून करवंदं विकत होती. पंधरा रुपयांना द्रोण. मी तीन घेतले, पन्नासाची नोट दिली. तिनं बोटंही न मोजता पाच रुपये परत केले. कौतुकानं म्हटलं, ‘पंचेचाळीस लिहून दाखव.’ तिनं लिहिले ५४!

चूक कुणाची? आपण पाच आधी उच्चारतो आणि चार आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ दिलं, तेव्हा मराठी बुडाल्याचा केवढा गहजब झाला! पावकी-दिडकी घोकलेला मीही चिडलो होतो. आज वाटतं, आधी ‘चाळीस पाच’ उमगू द्यावं. पंचेचाळीस मागाहून तोंडी बसेलच. बाजारात येणारं तिचं गणित शाळेत हरवू नये, एवढंच.