ओटीवरचें जातें

गुहागरास सुटीच्या दिवसांत उतरणारा प्रवासी ज्या घरीं मुक्कामास राहतो, त्या घराच्या ओटीवर त्यास पुष्कळदां एक जातें मांडलेलें दिसतें. खुंटा तेल लावून तुकतुकीत केलेला असतो, तोंडांत फुलें घातलेलीं असतात, आणि शेजारीं तांब्याचा हंडा, वात नसलेली समई व भिंतीवर टांगलेलें एखादें इरलें अशी आरास असते. पाहुणे तेथें छायाचित्रें काढतात, "काय ते दिवस होते!" असे उद्गार काढतात, आणि यजमान संतोष पावतो. पाहुणचाराच्या धंद्यानें माडापोफळींच्या या गांवांत चार पैसे येतात याचा आम्हांस आनंदच आहे. त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या जात्याकडे पाहून जो उसासा टाकला जातो, तो टाकणारा कोण, हें एकदां तपासून पाहिलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

जातें ओढलेली बाई त्या उसासे टाकणारांत क्वचितच असते. पहांटे काळोखांत उठून नाचणी-तांदूळ दळावेत, घिरटावर भात भरडावें, मग तें उखळांत सडून पाखडावें, विहिरीवरून पाण्याच्या खेपा कराव्या, आणि एवढें झाल्यावर घरच्यांच्या दृष्टीनें तिचा दिवस सुरू व्हावयाचा! पोटांत सहा महिन्यांचें मूल असो कीं अंगांत ताप असो, दहा माणसांच्या घराची भाकरी थांबत नसे. गांवोगांव पिठाच्या गिरण्या निघाल्या तेव्हां गिरणीच्या पिठास चव नाहीं, त्यांतलें सत्त्व जळून जातें, अशी ओरड पुष्कळ झाली. ती ओरड जेवणारांची होती, दळणारणींची नव्हती. दळणारीण डबा डोक्यावर घेऊन निमूटपणें गिरणीच्या रांगेंत जाऊन उभी राहिली, आणि त्या दिवशीं तिनें जो निकाल दिला तो फिरविण्याचें आम्हांस आजहि कारण दिसत नाहीं. इरल्याचेंहि तसेंच. बांबूच्या कामट्यांचें व पानांचें तें कवच भर पावसांत लावणी करणारीचे दोन्ही हात मोकळे ठेवी, हा त्याचा गुण खरा. पण भिजल्यावर त्याचें वजन किती होई, तें तिच्या मानेस ठाऊक.

जात्यासवें ओवी गेली, ही हळहळ मात्र खरी आहे. पण ओवी दगडांत नव्हती, बाईच्या कंठांत होती. आणि ती वेळींच ऐकून घेणारीं माणसें या महाराष्ट्रांत निघालीं. मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेविल्या, आणि २०१७ पासून ग्रामीण भारताचा संग्रह करणाऱ्या 'परी' या संस्थेनें त्या सर्वांस वाचावयास व ऐकावयास खुल्या करून दिल्या आहेत. त्यांत माहेरची माया आहे, विठोबा आहे, तशींच सासुरवासाचीं व कष्टाचीं गाऱ्हाणींहि आहेत. ज्यास जुन्या काळाचें एवढें प्रेम असेल त्यानें दगडास तेल लावण्यापेक्षां घटकाभर तीं गाऱ्हाणीं ऐकावीं.

आणखीहि एक पाहण्यासारखें आहे. ओटीवर कोणत्या वस्तु मांडल्या जातात, त्यापेक्षां कोणत्या मांडल्या जात नाहींत, हें अधिक बोलकें आहे. आलवण कोणी टांगीत नाहीं. विधवेचे केस काढवून तिला तें तांबडें जाडेंभरडें लुगडें नेसविण्याची रूढि ज्या घरांत होती, तेथें आज त्याची चिंधीहि सांपडावयाची नाहीं. येथून दाभोळची खाडी ओलांडली कीं दापोली तालुका लागतो. त्यांतील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं विवाह केला म्हणून त्यांच्याच गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. पासष्ट वर्षांनीं, १९५८ सालीं, त्याच कर्व्यांस राष्ट्रानें 'भारतरत्न' अर्पण केलें. पण आलवण गेलें म्हणजे रूढि गेली असें कोणीं समजूं नये. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवास पतिनिधनानंतर कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या चाली बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि राज्य सरकारास तो इतर गांवांपुढें कित्ता म्हणून ठेवावा लागला. वस्त्र केव्हांच अडगळींत गेलें; संवय घरांतच राहिली.

तीच गोष्ट पडवीच्या वाशांत खोंचून ठेविलेल्या कान तुटलेल्या कपाची. अस्पृश्य मानलेला गडी दिवसभर आगरांत माडांचीं आळीं खणी, आणि चहाच्या वेळीं तो कप स्वतः विसळून पुढें धरी. पाणी मागितलें तर तें वरून त्याच्या ओंजळींत ओतलें जाई. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलानें १९२३ सालींच मान्य केला होता. तरी १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकरांस हजारों माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. जुन्या घराचें जुनेंपण दाखवावयाचेंच तर तो कपहि जात्याशेजारीं ठेवावा, असें आम्हीं सुचविलें तर किती यजमान मान्य करतील?

व्यापारीवर्गास आपल्या दुकानांतलें उदाहरण आठवेल. १९५७ च्या एप्रिलांत रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यास अनुसरून १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनें बाजारांत येऊं लागलीं. पायली, शेर, मापटें, चिपटें हळूहळू माळ्यावर गेलीं. म्हाताऱ्या माणसांची त्रेधा उडाली, हें खरें. परंतु पायली गांवोगांव वेगळी. आणि घेण्याचें माप एक व देण्याचें दुसरें ठेवण्यास त्यांत भरपूर वाव! सचोटीच्या दुकानदाराची देखील संशयांतून सुटका नसे.

येथवर वाचून, जुनें तें सर्व आम्हांस टाकाऊ वाटतें असा कोणी ग्रह करून घेईल, तर तो चुकेल. आमची कसोटी एवढीच कीं, त्या वस्तूचा भार कोणाच्या खांद्यावर होता, आणि ती गेल्यावर तो उतरला कीं दुसऱ्याच्या खांद्यावर चढला. आगरांतला रहाट घ्या. विहिरीवर लांकडी चाक, त्यावर सुंभानें बांधलेली मडक्यांची माळ, डोळ्यांस झापड लावून फिरणारा बैल. वर आलेलें पाणी दोणींत पडे आणि पाटानें माडापोफळींच्या आळ्यांत जाई. पंपानें बैलाचे व गड्याचे कष्ट वांचविले हें उत्तम झालें. रहाट परत आणा असें आम्ही म्हणणार नाहीं. पण बैल थकला कीं उपसा थांबे, आणि तेवढ्यांत झऱ्यांस विहीर भरून काढण्यास अवधि मिळे. समुद्रकांठच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्याच्या माथ्यावर तरंगत असतें. उपसा अति झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें, आणि एकदां मचूळ झालेली विहीर लवकर सुधारत नाहीं. पंपाचा खटका थकत नाहीं. बैलाच्या थकण्यानें जो हिशेब आपोआप राखला जाई, तो आतां माणसानें बुद्धीनें राखावयास हवा. विशेषतः ज्यानें आगरांतच प्रवाशांसाठीं खोल्या आणि तितकींच न्हाणीघरें बांधलीं आहेत त्यानें.

पत्रावळीची गोष्ट याहून निराळी, आणि तिच्याचसाठीं आम्हीं ही लेखणी उचलली. केळीचें पान, कुड्याच्या किंवा पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, हीं जेवण झाल्यावर गुरांपुढें अगर खतांत जात. त्यांची जागा प्लास्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटल्यांनीं घेतली, तेव्हां कोणाचा भार हलका झाला? वाढणारा तोच, उष्टीं काढणाराहि तोच. फक्त पत्रावळी लावणाऱ्या बाईचें चार महिन्यांचें मीठमिरचीचें साधन गेलें, आणि उकिरडा समुद्रावर पोंचला. राज्य सरकारनें २०१८ च्या मार्चमध्यें या ताटल्यांस बंदी केली, केंद्र सरकारनें २०२२ च्या जुलैपासून. पण कायदा झाला तरी पंगतींतून त्या नाहींशा झालेल्या नाहींत. गुहागरच्या ज्या वाळूंत ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालावयास येतात, आणि जेथून २०२३ च्या फेब्रुवारींत 'बागेश्री' व 'गुहा' या दोन माद्या पाठीवर उपग्रहयंत्र बसवून समुद्रांत सोडण्यांत आल्या, त्याच समुद्रांत हा कचरा जातो.

मात्र पत्रावळ परत आणावयाची ती जुन्या भावानें नव्हे. पानें रानांतून आणावीं, निवडावीं, चोयांनीं टांचावीं, चळत दाबून ठेवावी, आणि शेंकड्यास दुकानदार देईल तें निमूट घ्यावें, हाच त्या बाईचा जुना काळ होता; तो परत आणणें म्हणजे तिला पुन्हां जात्यास जुंपणें होय. आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या घरीं लग्नकार्य आहे त्यांनीं आणि उत्सवांच्या पंगती ज्यांच्या हातीं आहेत त्या मंडळींनीं आपली मागणी पावसाळ्यापूर्वींच पेठेंत नोंदवावी, कारण पावसांत पान वाळत नाहीं. दुकानदारानें शेंकड्याचा भाव पाटीवर लिहावा, त्यांतील बाईचा वांटा किती तेंहि लिहावें, आणि अर्धी रक्कम तिच्या हातीं अगाऊ द्यावी. हा गठ्ठा प्लास्टिकच्या ताटल्यांपेक्षां महाग पडेल, यांत शंका नाहीं. तो किती महाग पडतो तें यजमानानें मंडपाच्या व विजेच्या रोषणाईच्या बिलाशेजारीं मांडून पाहावें, आणि मग आम्हांस कळवावें.