पारख चुकली, असे सांगणारा पारखी

आपल्या सीमाभागातल्या घरांत म्हणीसुद्धा जोडीने नांदतात. मराठीत ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’, तर कन्नडमध्ये ‘बेळेयुव सिरी मोळकेयल्लि’. वाढणारे वैभव कोंबातच दिसते म्हणे! बाकी कशावर नसले तरी यावर दोन्ही भाषांचे एकमत आहे. मला मात्र या एकमताची जरा धास्तीच वाटते. त्याला कारण अमेरिकेतल्या बास्केटबॉलची एक हकिगत.

डॅरिल मोरी हे २००७ ते २०२० या काळात ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे जनरल मॅनेजर होते. कोणता तरुण खेळाडू घ्यायचा, कोणाला किती मोजायचे, हे ठरवणारा माणूस. नजरेपेक्षा आकडेमोडीवर त्यांचा भरवसा. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा जेरेमी लिन हा तैवानी आईबापांचा मुलगा निवडीसाठी उभा होता. मोरींच्या आकडेमोडीने त्याला साधारण पंधरावा क्रमांक दिला होता. पण प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना तो चपळ वाटेना. त्या वर्षी साठ खेळाडू निवडले गेले. त्यांत लिन नव्हता. मोरींनीही त्याला घेतले नाही.

डिसेंबर २०११ मध्ये तो फिरत फिरत ह्यूस्टनकडेच आला आणि बारा दिवसांत, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याला नारळ मिळाला. न्यूयॉर्क निक्सने त्याला उचलले. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याने २५ गुण केले, १० तारखेला बलाढ्य लेकर्सविरुद्ध ३८. निक्सने ओळीने सात सामने जिंकले.

अशा वेळी साहेब लोक काय करतात, ते आपण ऑफिसात पाहतोच. मोरींनी जाहीर सांगून टाकले, की त्याला ठेवायला हवे होते. तो इतका चांगला आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि आपल्याला ठाऊक होते असे म्हणणारा दिशाभूल करतो. त्याच जुलैत त्याच ह्यूस्टनने तीन वर्षांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून लिनला परत आणले!

पण मला जास्त मोलाचे वाटते ते पुढचे. रॉकेट्सने खेळाडूंच्या पहिल्या दोन पावलांचा वेग यंत्राने मोजला, तेव्हा मोजलेल्यांत लिनच सर्वांत वेगवान निघाला. मग तो मंद का वाटला? मायकेल लुईस यांच्या २०१६ च्या ‘द अनडूइंग प्रोजेक्ट’ या पुस्तकात मोरी स्पष्ट म्हणतात, की तो आशियाई होता, याखेरीज दुसरे कारण सुचत नाही. मोरींनी संघात नियमच केला होता : नव्या मुलाची तुलना त्याच्याच वंशाच्या खेळाडूशी करायची नाही. गोऱ्याची गोऱ्याशी नाही, काळ्याची काळ्याशी नाही. वेगळ्या वंशाचा जोडीदार शोधायला लागले, की अनेकदा साम्यच उरत नसे.

टोपणनावांनाही त्यांनी बंदी घातली. २००७ मध्ये मार्क गॅसोल या स्पॅनिश तरुणाचा उघड्या अंगाचा फोटो पाहून कार्यालयात त्याच्या शरीरावरून एक नाव पडले. आकडे चांगले असूनही तो हातचा गेला. २०१३ मध्ये तोच लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता आपल्या घरात डोकावू या. ‘ढब्ब्या’, ‘काळी’, ‘बुटक्या’ ही नावे आपण लाडाने ठेवतो. ‘कन्नड मीडियमची आहे, इंग्रजीत काय बोलणार?’, ‘मराठी शाळेतला ना, मग बँकेच्या परीक्षेचे विसरा’, ‘अगदी काकावर गेलाय, धंद्यात टिकायचा नाही’. त्या मुलाने अजून काही केलेलेही नसते. आपण त्याची भाषा पाहिलेली असते, घराणे पाहिलेले असते, रंग पाहिलेला असतो.

मोरींचा नियम घरात लावायला पैसे लागत नाहीत. मुलाची तुलना काकाशी करण्याआधी तो रोज काय करतो, किती वेळ करतो, गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेला, एवढे पाहावे. आणि अंदाज चुकला, तर त्याच्यासमोर तसे म्हणावे. मान कमी होत नाही.

लिनला न्यूयॉर्क मिळाले. आपल्या मुलांना दुसरे घर मिळत नसते.