कुत्रा कोणाचा, हे आधी ठरवा!

गावात कुत्रं चावलं की पहिला प्रश्न येतो, "कुणाचं हाय?" ज्याच्या ओट्यावर ते रोज भाकरी खातं, तोच घरधनी हात झटकतो. "आमचं न्हाई बुवा, असंच येतं." राखणीपुरतं कुत्रं आपलं आणि चावलं की गावाचं! वाचकहो, ही पळवाट बंद करायची असेल तर ग्रामसभेनेच बसून नियम केले पाहिजेत.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, तर भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची. त्यात ग्रामपंचायतही आली. निष्काळजीपणे मोकळे सोडलेले जनावर लोकांच्या जिवावर उठले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

"एवढी भानगड कशाला, विष घाला," असे पारावर सर्रास बोलले जाते. तो गुन्हा आहेच, शिवाय उपयोगही नाही. उकिरडा तसाच राहिला तर शेजारच्या वाडीची कुत्री महिन्याभरात येतात. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, गाय व्याली की जार उकिरड्यावर, मटणाच्या दुकानाची घाण रस्त्याकडेला, हे आपणच करतो ना? मग कुत्र्यांची टोळी होते आणि शेळीच्या करडांवर पडते. कुत्र्यांमागे बिबट्याही येतो. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचाच निघाला. म्हणून जार आणि मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा.

मग ग्रामसभेने ठराव काय करावा? पहिले, घरोघर कुत्र्या-मांजरांची नोंद. ज्याच्या दारी खातं, त्याच्या नावावर. दुसरे, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. मांजरालाही रेबीज होतो, हे विसरू नका. तिसरे, वस्तीत कुत्रे साखळीला आणि शाळेच्या आवाराला कुंपण. चौथे, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी दोन-चार गावांनी मिळून पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मागणी. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदाही विते. एक मादी सुटली तर हिशेब तुम्हीच करा.

तालुक्याच्या गावांलगत प्लॉटवर जातिवंत कुत्र्यांची पैदास करणारे असतील, तर त्यांनाही विचारा. २०१७ च्या नियमांनुसार अशा व्यवसायाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. दाखला बघा. शेजाऱ्याची झोप आणि सांडपाणी हाही ठरावाचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र ठरावाची वाट पाहणारी नाही. कुत्रा चावला तर जखमेवर हळद-चुना भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सुया अर्धवट सोडू नका. लक्षणे दिसल्यावर रेबीजचा माणूस जवळजवळ वाचतच नाही. गाय-म्हैस लाळ गाळत असेल, तिला गिळवत नसेल, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. आधी पशुवैद्यकाला बोलवा.

येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल हे विषय येतीलच. त्यांच्या यादीत कुत्र्यांचा विषय लेखी घाला. सरपंच-ग्रामसेवक टाळाटाळ करतील, तर उठून विचारा. पोर आपलं आहे, करडू आपलं आहे. मग कुत्रंसुद्धा आपलंच म्हणायला हवं!