लाल वायर कापा, पण आधी ‘का’ विचारा

आरसी गाड्यांच्या कुठल्याही ग्रुपवर विचारून बघा, “क्रॉलरमध्ये दोन ईएससी लावायचेत, वायरिंग कसं करू?” पाच मिनिटांत उत्तर येतं : “एकाची लाल वायर काप भावा, विषय संपला.” खाली अंगठ्यांची रांग. माझं भांडण या ‘एकाची लाल वायर काप’शी आहे. सल्ला खोटा नाही, हे आधीच सांगतो. पण तो कारणाशिवाय दिला जातो, आणि कारणाशिवाय दिलेला खरा सल्लाही पुढच्या गाडीवर चुकतो.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक क्रॉलर ही दगडांवरून इंच-इंच चढणारी रिमोटची गाडी. बहुतेक क्रॉलरमध्ये एकच मोटर असते आणि शाफ्टमधून दोन्ही अ‍ॅक्सल फिरतात. पण अ‍ॅक्सिअलच्या एक्सआर१०सारख्या स्पर्धेच्या गाड्यांत प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर असते. दोन मोटरांना दोन ईएससी, म्हणजे स्पीड कंट्रोलर, दिले की पुढची-मागची चाकं वेगळी चालवता येतात. मागची ब्रेकवर धरायची, पुढची फिरवायची, की गाडी जवळपास जागच्या जागी वळते. याला डिग म्हणतात. स्पर्धेत रिव्हर्स घेतला की पेनल्टी बसते, म्हणून अडचणीच्या जागी डिगच कामाला येतो.

आता ती लाल वायर. प्रत्येक ईएससीतून रिसीव्हरकडे तीन बारीक वायरी जातात : सिग्नल, काळी आणि लाल. ईएससीच्या आतला बीईसी लाल वायरीतून रिसीव्हरला आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला साधारण ५-६ व्होल्ट पुरवतो. ईएससी दोन झाले की बीईसीही दोन, आणि दोघं एकाच ठिकाणी वीज ओततात. डब्यावर दोघांच्याही ६ व्होल्ट लिहिलं असलं, तरी प्रत्यक्षात एक ५.९ देणार, दुसरा ६.१. ज्याचा आकडा वरचा तो जवळपास सगळा भार उचलतो, दुसरा बसून राहतो. त्यात स्विचिंग बीईसी स्वतःचं आउटपुट सतत मोजून दुरुस्त करत असतो. तिथे दुसऱ्याचंच व्होल्टेज दिसलं की त्याचा हिशोब बिघडतो. म्हणून एकाची लाल काढायची.

एवढं कळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो : कुठल्या ईएससीची? अर्थात ज्याचा बीईसी दुबळा त्याची. लिनिअर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता म्हणून जाळतो. फुल चार्ज थ्री-एस लिपो १२.६ व्होल्टची असते. त्यातून ६ द्यायचे तर ६.६ जाळायचे. सर्व्होने २ अ‍ॅम्पिअर खेचले की १३ वॉट उष्णता, तीही त्या एवढ्याशा डब्यात. आणि दगडात रुतलेली चाकं वळवताना ताकदवान सर्व्हो २ वर थांबत नाही. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, आणि गाडी नेमकी तेव्हाच कड्यावर लटकलेली असते. अशा गाडीसाठी बरोबर उत्तर आहे : दोन्ही लाल काढा, वेगळा बीईसी बसवा. इथे ‘एक काप’ हा मंत्र सरळ नापास होतो.

मुळात कापायचं तरी कशाला? प्लगमधली प्लास्टिकची छोटी जीभ ब्लेडच्या टोकाने उचला, पिन मागून निघते. तिच्यावर हीटश्रिंक चढवा, कारण तिच्यात वीज अजून येतेच आहे. उद्या तोच ईएससी दुसऱ्या गाडीत टाकायचा झाला तर पिन परत बसते.

आणि काळी? तिला हात लावायचा नाही. सिग्नल मोजला जातो तो काळ्या वायरीच्या तुलनेत. ती तोडली तर ईएससीला हुकूम कळणार कसा? पण हीच वायर गाडीतली सगळ्यात धोक्याची जागाही आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या पोराची काळी वायर वितळली. लाल त्याने नियमाप्रमाणे कापलेली होती. ग्रुपने निदान केलं, “ईएससी डुप्लिकेट असणार.” त्याने पैसे साठवून नवा घेतला. त्याचीही काळी वायर तापली, तेव्हा कुठे कोणीतरी बॅटरीकडचं सोल्डर बघितलं. त्या ईएससीची जाड निगेटिव्ह सुटली होती. मोटरचा सगळा करंट परतीची वाट शोधत बारीक काळ्या वायरीतून रिसीव्हरमध्ये, तिथून दुसऱ्या ईएससीतून बॅटरीकडे जात होता. दोन्ही निगेटिव्ह रिसीव्हरमध्ये एकत्र येतात, हे एक वाक्य त्याला आधी कोणी सांगितलं असतं तर? दोन ईएससी एका बॅटरीवर सिरीजमध्ये का जोडायचे नाहीत, याचं उत्तरही त्याच वाक्यात आहे. सिरीजमध्ये दोन निगेटिव्ह वेगळ्या पातळीवर जातात, काळ्या वायरी त्यांना एकत्र बांधतात, आणि शॉर्ट होतो. जोडायचे ते पॅरलल.

इतकं करून पुष्कळ जण दोन्ही प्लग वाय-केबलने एकाच चॅनेलला लावतात. झालं! दोन घोडे, लगाम एकच. डिगसाठी दुसरा ईएससी वेगळ्या चॅनेलवर हवा आणि रेडिओत मिक्सिंग हवं. दोन्ही ईएससींना न्यूट्रल वेगवेगळा शिकवायचा, लो-व्होल्टेज कटऑफ मात्र सारखा ठेवायचा. नाहीतर ऐन चढावर एक मोटर आधी संप पुकारते.

मला ठरलेला टोमणा मिळतो : “नवशिक्याला थिअरी कशाला? आधी गाडी पळू दे.” गाडी पळू दे, माझी ना नाही. पण लिपो हे खेळणं नाही, शॉर्ट झाली तर ती पेटते. आणि थिअरीचा बाऊ करण्याइतकं यात आहे काय? व्होल्टेज गुणिले करंट, दहावीचं विज्ञान. इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेत कर्चहॉफचे नियम धडाधड लिहितात आणि स्वतःच्या गाडीपुढे बसली की विचारतात, “कुठली वायर कापू?”

यात भाषेचाही दोष नाही, सवयीचा आहे. इंग्रजीतून शिकलेला माणूस मराठीत सांगताना ‘का’ गाळतो आणि ‘कर’ तेवढं ठेवतो. ज्याला इंग्रजी झेपतं त्याच्याकडे कारण जातं, बाकीच्यांच्या वाट्याला हुकूम येतो. हुकमावर चालणाऱ्याला प्रत्येक बिघाडासाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. ग्रुपवरच्या काही जाणत्यांना ते आवडतही असावं, असा मला संशय आहे.

तर पुढच्या वेळी कोणी विचारलं की अंगठा दाबण्याआधी एवढं टाइप करा : “दोन बीईसी एकमेकांत भांडतात, म्हणून दुबळ्याची लाल पिन काढ. निगेटिव्ह रिसीव्हरमध्ये एक होतात, म्हणून काळी ठेव आणि बॅटरीचं सोल्डर ओढून बघ.” अर्धं मिनिट लागतं. एका पोराचा ईएससी वाचेल, आणि पुढचा बिघाड तो स्वतः शोधेल.