आराखड्याची रेघ आणि खालचं रान



आज पिकाचं नाही, नकाशावरच्या रेघेचं लिहितो. शहराच्या कडेची गावं महापालिकेत, नगरपालिकेत किंवा प्राधिकरणात गेली की मागोमाग विकास आराखडा येतो. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेतीचा, अन् मधे मधे आरक्षणं. रस्ता, बगीचा, शाळा, क्रीडांगण. एकाच्या गटावर पिवळा पडला की त्याच्या रानाला सोन्याचा भाव. शेजारच्या वीस गुंठेवाल्यावर बगीचा पडला की त्याच्या रानाला गिऱ्हाईक नाही, पोराचं घर बांधायला परवानगी नाही, अन् मोबदला कधी मिळणार ते कोणी सांगत नाही. बांध एकच, नशिबं दोन.

रस्ते, शाळा नकोत असं माझं म्हणणं नाही. कोणाच्या तरी रानातून रस्ता जाणारच. एकाचं आरक्षण उठवलं तर ते दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं. म्हणून ओळखीच्या माणसासाठी रेघ सरकवली तर तिला मी माया म्हणणार नाही, तो वशिला झाला. माया असेल तर रेघ मारायच्या आधी साहेबांनी रान बघावं.

नकाशावर विहिरीखालची काळी बागायत अन् पलीकडचा मुरमाड माळ सारखाच दिसतो. पाइपलाइन, ठिबक, तीस वर्षं शेणखत घालून केलेली माती, यातलं काहीच तिथं दिसत नाही. बगीचा माळावरही होतो. ती माती दुसरीकडं नेता येत नाही.

कायद्यात दार ठेवलंय. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत हरकत घेता येते, मग सुनावणी होते. पण जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर, नकाशा तालुक्याच्या पलीकडं कुठल्या तरी कार्यालयात. ऐन पेरणीत आली तर ३० दिवस कधी सरले ते कळतही नाही. नंतर कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकानं खरेदीची नोटीस द्यायची, पुढच्या २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण जातं. म्हणजे झाली बारा वर्षं. तेवढ्यात डाळिंबाची बाग लावून, पिकून म्हातारी होते.

पुण्याभोवतीच्या प्राधिकरणाचा प्रारूप आराखडा २०२१ ला आला. हजारो हरकती आल्या, अन् २०२५ मध्ये सरकारनं तो रद्दच करायचं ठरवलं. मधली चार वर्षं लोक टांगणीला. आधी गावात येऊन विचारलं असतं तर यातल्या किती हरकती बांधावरच मिटल्या असत्या!

मागणी मोठी नाही. प्रारूप आलं की बाधित गटांची यादी चावडीवर लावा, ग्रामसभेत किंवा वॉर्डात वाचून दाखवा. सुनावणी गावात घ्या, म्हाताऱ्या माणसाला रोज बुडवून शहरात बोलावू नका. आरक्षण आधी सरकारी पड जागेवर टाका. अन् ज्याची जमीन घ्यायचीच आहे त्याला पैसे कधी मिळतील ती तारीख लेखी द्या. याला वेगळा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

आपणही झोपून राहू नये. आराखडा लागला की आधी आपला गट नंबर शोधा. हरकत एका ओळीची देऊ नका. सातबारा, गटाचा नकाशा, विहीर-पाइपलाइनचे फोटो जोडा, अन् जमलं तर जवळची दुसरी जागाही सुचवा. नुसतं "आमचं नको" म्हणणाऱ्याचा कागद खाली जातो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेतीशाळेला येणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना अन् अभ्यासक मंडळींना एक विनंती, मातीचा अहवाल लिहून द्या. आमच्या बोलण्यापेक्षा त्या कागदाचं वजन जास्त पडतं.