जर्मन चॉकलेट केक आणि गळून पडलेली षष्ठी

धागा दीर्घ आहे आणि भांडणाचा आहे, हे आरंभीच सांगून टाकते.

इतिहासप्रेमी मंडळींत एका केकविषयी दोन प्रकारच्या नोंदी फिरत असतात. पहिली म्हणते की तीन थरांचा, मध्ये खोबरे आणि पेकानचे गोड सारण भरलेला ‘जर्मन चॉकलेट केक’ जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेला. दुसरी तिचे खंडन करते. हा केक जर्मन नव्हेच, जर्मन हे एका माणसाचे आडनाव, गैरसमज दूर झाला, धन्यवाद. पहिली नोंद चूक आहे आणि दुसरी बरोबर. माझे भांडण दुसरीशी आहे.

आधी तिचे जे देणे आहे ते देऊन टाकू. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर येथे नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत अठराव्या शतकापासून कोको दळला जात असे. या कारखान्याला डॉ. जेम्स बेकर यांच्या घराण्यामुळे ‘बेकर’ हे नाव पडले. म्हणजे येथील बेकर हा पाव भाजणारा नव्हे, तेही आडनावच. याच कारखान्यासाठी सॅम्युएल जर्मन यांनी १८५२ साली भाजकामासाठी एक गोडसर चॉकलेट तयार केले. साखर आधीच मिसळलेली, त्यामुळे गृहिणीचे काम हलके. कंपनीने त्याला ‘जर्मन यांचे गोड चॉकलेट’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे या चॉकलेटपासून केलेल्या केकच्या नावातून षष्ठीचा प्रत्यय गळून पडला आणि माणसाचा देश झाला.

मराठी घरात वाढलेल्यांना हे नवल वाटू नये. आपल्या स्वयंपाकघरांत ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात, काही घरांत ‘जर्मलचे’. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. आणि आपली ‘जर्मनची’ भांडी तर त्या मिश्रधातूचीही नव्हेत. नावावरून जन्मगाव काढू गेलो, तर आजीच्या फडताळातील निम्मी भांडी बर्लिनला पाठवावी लागतील.

जर्मनीशी नाते लावायचाच हट्ट असेल, तर ते केकमध्ये नव्हे, वेष्टनावर आहे. बेकर कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तबकात चॉकलेटचा पेला नेणाऱ्या तरुणीचे चित्र आपले बोधचिन्ह केले. मूळ चित्र अठराव्या शतकातील लिओटार या चित्रकाराचे असून ते ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. ‘केक जर्मनीचा’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी शोधायला हवे होते.

आता खंडनकर्त्यांकडे वळते. तुमची नोंद जिथे संपते, तिथे इतिहास अजून सुरूच झालेला नसतो. तुम्ही एका खोट्या धन्याच्या जागी एक खरा धनी बसवता आणि हात झटकता. पदार्थाचा इतिहास म्हणजे जणू पितृत्वाचा दावा. बाप सापडला की खटला निकाली. आपल्याकडे सांबार आणि संभाजी महाराज यांच्या नावांची जोड लावणारी कथाही याच भुकेतून फिरते. तिच्यासोबत समकालीन कागद कोणी जोडत नाही, तरी ती वर्षानुवर्षे अग्रेषित होत राहते, कारण तिच्यात एक मोठे नाव आहे. ‘जर्मन हे आडनाव होते’ या नोंदीला कागदाचा आधार आहे, हा फरक मोठा आहे आणि मी तो मान्य करते. परंतु भूक तीच आहे: एक नाव सांगा, आम्ही निश्चिंत झोपतो.

आणि सॅम्युएल जर्मन यांनी हा केक केलेलाच नाही! त्यांनी चॉकलेट केले. केकची कृती छापील स्वरूपात लोकांसमोर आल्याचा जो दाखला सर्वत्र दिला जातो तो ३ जून १९५७ चा, टेक्सास राज्यातील ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ या दैनिकातील. चॉकलेट आणि केक यांच्यात १०५ वर्षे गेली. या १०५ वर्षांविषयी तुमच्या नोंदीत एक ओळ नसते.

कृती पाठवली डॅलसच्या एका गृहिणीने. तिचे नाव काय? वृत्तपत्रात छापले आहे ‘मिसेस जॉर्ज क्ले’. जॉर्ज हे तिच्या पतीचे नाव. त्या काळच्या अमेरिकी शिष्टाचारात विवाहित स्त्रीचा उल्लेख असाच होत असे. स्वतःचे पहिले नावसुद्धा सार्वजनिक कागदावर उरत नसे. आपल्या जुन्या लग्नपत्रिकांत ‘सौ.’च्या पुढे निदान बाईचे नाव येते, मग ते सासरी बदललेले का असेना. ज्या केकच्या नावातील एका प्रत्ययासाठी इतकी शाई खर्च झाली, त्याची कृती पाठवणाऱ्या बाईचे अख्खे नाव त्या ओळीत नाही. ही गोष्ट कोणत्याही ‘गैरसमज दूर’ नोंदीत मी अद्याप वाचलेली नाही.

कृती नीट वाचली तर तीत किती जाण साठवली आहे ते कळते. सुमारे ११३ ग्रॅम चॉकलेट अर्धा कप उकळत्या पाण्यात विरघळवायचे. लोणी आणि साखर फेटायची, त्यात अंड्यांचे पिवळे बलक एकेक घालायचे. मैदा आणि ताक आलटून पालटून मिसळायचे. ताकातील आंबटपणा खाण्याच्या सोड्याला जागे करतो आणि केक फुगतो. शेवटी फेसाळ फेटलेले पांढरे बलक हलक्या हाताने आत घ्यायचे. तीन साच्यांत भाजायचे. चॉकलेट बेताचेच असल्यामुळे थर काळेभोर होत नाहीत, फिकट तपकिरी होतात.

सारण हा या केकचा प्राण. डबाबंद आटवलेले दूध, साखर, बलक आणि लोणी मंद आचेवर सुमारे १२ मिनिटे सतत ढवळत राहायचे. नारळाच्या वड्या करणाऱ्यांना हे ढवळणे परिचित आहे. फक्त मिश्रण कढई सोडू लागेपर्यंत थांबायचे नाही, त्याआधीच उतरवायचे, नाहीतर बलक फाटतात. मग खोबरे आणि पेकान घालून निववायचे. केकच्या बाजू उघड्याच ठेवायची रीत आहे, सारण थरांतून डोकावताना दिसते. हे शास्त्र डॉर्चेस्टरच्या गिरणीतून आलेले नाही, स्वयंपाकघरांतून आलेले आहे.

मग हे स्वयंपाकघरातील ज्ञान देशभर गेले कसे? येथे एक व्यापारी कंपनी प्रवेश करते आणि येथेच कागद बोलू लागतात. १९२० च्या दशकात पोस्टम नावाच्या कंपनीने एकामागून एक खाद्यउद्योग विकत घेतले. १९२६ साली ‘स्वान्स डाउन’ हे केकचे पीठ करणारी कंपनी. १९२७ साली बेकर चॉकलेट. त्याच वर्षी खोबऱ्याचा कीस विकणारी फ्रँकलिन बेकर कंपनी. (होय, आणखी एक बेकर, पहिल्याशी संबंध नाही.) १९२९ पासून या समूहाचे नाव जनरल फूड्स. आता केकचे घटक पुन्हा मोजा. पीठ, चॉकलेट, खोबरे. डॅलसच्या गृहिणीने जो केक पाठवला, त्याचे तीन प्रमुख जिन्नस एकाच कंपनीच्या फळीवर तयार होते. जनरल फूड्सने ती कृती छायाचित्रासह देशभरातील वृत्तपत्रांना धाडली आणि त्या गोड चॉकलेटचा खप वाढला. केक ‘लोकप्रिय झाला’ असे आपण लिहितो, तेव्हा ‘केला गेला’ हे कर्मणी रूप किती सहज टाळतो पाहा.

खोबऱ्याची वाट याहून लांबची. फ्रँकलिन बेकर हा फिलाडेल्फियाचा पीठगिरणीवाला. १८९० च्या दशकात क्यूबातील पिठाच्या उधारीपोटी त्याच्या पदरी नारळांनी भरलेला माल पडला. तो खपवता खपवता तो खोबऱ्याचाच व्यापारी झाला. १८९८ च्या युद्धानंतर फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि ही कंपनी पुढे त्या बेटांवर कारखाना घालून खोबरे सुकवू लागली. डॅलससारख्या शहरात, जिथे नारळाचे झाड औषधालाही नाही, तिथे गृहिणीच्या कपाटात पांढरा गोड कीस असणे ही १९५७ साली अगदी साधी बाब होती. ती साधी व्हावी म्हणून एक द्वीपसमूह जवळपास अर्धे शतक परक्या ध्वजाखाली होता.

पेकान मात्र तिथलाच. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि टेक्सासच्या नदीकाठी तो रानात वाढतो; त्याचे नावही तेथील मूलनिवासींच्या भाषेतून आलेले आहे. सोळाव्या शतकात त्यांच्यात राहिलेला स्पॅनिश प्रवासी काबेसा दे वाका लिहून गेला आहे की वर्षातील काही काळ ही माणसे याच फळांवर जगत. परंतु रानटी पेकानला बागाइतीच्या दृष्टीने एक खोड आहे. बी पेरले तर आईसारखे झाड येईलच याची शाश्वती नाही. पातळ सालीचे, हाताने फुटणारे फळ हवे असेल, तर त्या झाडाची काडी आणून दुसऱ्यावर कलम करणे हाच मार्ग.

हे कलम लुइझियानातील ओक ॲली या उसाच्या मळ्यावर १८४६-४७ च्या हिवाळ्यात यशस्वी झाले. ते करणाऱ्याचे नाव आंत्वान. तो त्या मळ्याचा माळी होता आणि गुलाम होता. त्याने सोळा झाडांवर कलमे बांधली. १८४८ साली मळ्याचा धनी मेल्यावर मालमत्तेची मोजदाद झाली. त्या यादीत आंत्वान हा पेकानची कलमे करण्यात निष्णात माळी म्हणून नोंदला आहे आणि त्याची किंमत लावली आहे एक हजार डॉलर. या कौशल्यामुळेच तो महाग आणि त्या कौशल्यावर त्याचा स्वतःचा हक्क शून्य. त्याच्या कलमांपासून वाढलेल्या झाडांची फळे १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात मांडली गेली, त्यांची वाहवा झाली आणि त्या वाणाला नाव मिळाले ‘सेंटेनियल’, म्हणजे शताब्दीय. वाणाला प्रदर्शनाचे नाव मिळाले, माळ्याचे मिळाले नाही.

आता दोन माणसे शेजारी ठेवा. १८५२ मधील सॅम्युएल जर्मन आणि १८४७ मधील आंत्वान. मध्ये जेमतेम पाच वर्षे. दोघेही हाताचे कसबी. एकाचे आडनाव चॉकलेटच्या वडीवर छापले गेले आणि आज त्याचा प्रत्यय गळाला म्हणून आपण हळहळतो. दुसऱ्याचे आडनाव कोणत्याही कागदावर नाही, आणि त्याविषयी हळहळ नाही, कारण त्याच्या नावात गमतीचा गैरसमज नाही.

पुढचा टप्पा तर थेट टेक्सासचा. १९३० च्या दशकात सॅन अँटोनिओ हे शहर पेकान सोलण्याच्या धंद्याचे केंद्र होते. यंत्रांपेक्षा मेक्सिकन वंशाचे मजूर, त्यातही बहुसंख्य स्त्रिया, स्वस्त पडत; म्हणून काम हातानेच चाले. कोंदट खोल्या, हवेत टरफलांची पूड, आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर. ३१ जानेवारी १९३८ रोजी, आधीच तुटपुंजी असलेली मजुरी आणखी कापली गेली तेव्हा सुमारे १२,००० मजूर कामावरून उठले. आरंभी त्यांच्या अग्रभागी होती एमा टेनायुका, वय अवघे एकवीस. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या पुष्कळांच्या वयाची. शेकडो जणांना अटक झाली. त्याच वर्षी देशात किमान वेतनाचा कायदा लागू होऊन ताशी २५ सेंट ठरले, आणि मालकांनी यंत्रे परत आणली. हजारो हातांचे काम गेले. इतिहासाचा हा भाग कोणालाच सोयीचा नाही. संपाचा विजय सांगणाऱ्यांना नाही आणि बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनाही नाही.

येथे कोणी तरी विचारणार की डॅलसच्या त्या बाईंच्या कपातील पेकान सॅन अँटोनिओचे होते, याला पुरावा काय? माझा दावा तो नाहीच. माझा दावा बाजाराविषयी आहे. सोललेले पेकान कपाने मोजून सारणात ओतता येतात, ते आधी कोणी तरी सोललेले असतात म्हणून. १९५७ च्या कृतीत ‘एक कप चिरलेले पेकान’ एवढाच उल्लेख आहे आणि कृतीच्या भाषेत तेवढाच असणार. जे कृतीने गृहीत धरले ते उकलून दाखवणे हे आपले काम, आणि आपण प्रत्ययाशी खेळत बसलो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: केक आहे, खाऊ द्या की. खा ना! मीही खाते. गेल्या रविवारी घरी केला. पेकान परवडले नाहीत म्हणून अक्रोड घातले, साखर निम्मी केली (मूळ प्रमाण आपल्या जिभेला सोसवत नाही) आणि खोबरे किसायला आईला बसवले. तिने विचारले, “हा जर्मनीचा का गं?” मी कालथा हातात धरूनच आंत्वानपासून सांगायला लागले. ओक ॲलीची यादी संपून सॅन अँटोनिओला पोहोचेपर्यंत सारण तळाला लागले होते. दुसरी खेप आईने केली. मला गॅसपासून दूर, स्टुलावर बसून उरलेले सांगायला लावले.