बदलीच्या गावचे पाहुणे

कोजागरीला, गणेशोत्सवात किंवा कोणाच्या घरच्या सत्यनारायणाला चार मराठी माणसे एकत्र जमली, की एक प्रश्न हटकून कानी पडतो : ‘चेन्नईत पाहण्यासारखे आहे तरी काय?’ विचारणारे गृहस्थ बहुधा तीन-चार वर्षांच्या नेमणुकीवर आलेले असतात. महाबलिपुरम् त्यांनी पाहिलेले असते, कांचीपुरम्‌हून साडी आणलेली असते, तंजावरास जाऊन सरस्वती महालापुढे छायाचित्रही काढून घेतलेले असते. एवढे झाले की त्यांच्या लेखी तमिळ देश संपला. उरलेला काळ पुण्याच्या बदलीची वाट पाहण्यात जातो. हे मी उपहासाने लिहीत नाही. तिरुवल्लिकेणीत पाच वर्षे काढूनही परवापरवापर्यंत मी त्यांच्यातलाच एक होतो.

गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या सकाळी, मुलांनी फारच धरणे धरले म्हणून, आम्ही चौघे पायीच बाहेर पडलो. मोटार नको, आगगाडी नको. घरापासून चालत जाता येईल तेवढेच पाहायचे असे ठरले. प्रथम चेपाकला मद्रास विद्यापीठाच्या आवारात गेलो. दारावरच्या पहारेकऱ्यापुढे माझी इंग्रजी आणि हिंदी दोन्ही हरल्या. मग आमच्या कन्येने तमिळमध्ये दोन वाक्ये सांगितली, आणि त्याने हसून आम्हाला आत सोडले. तिला शाळेत तमिळ हा विषय नाही. खालच्या बिऱ्हाडातल्या मुलींबरोबर खेळताना ती बोलायला शिकली आणि बसगाड्यांवरच्या पाट्यांवरून वाचायला.

रॉबर्ट चिझमने 1874 ते 1879 या काळात उभारलेले सेनेट हाऊस घुमटांनी आणि रंगीत काचांनी डोळे दिपवते. हे विद्यापीठ मुंबई विद्यापीठाचे जुळे भावंड, दोघांचा जन्म 1857 चा. परंतु माझे पाय खरे अडखळले ते पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजपाशी. तिथे समुद्राकडे तोंड करून उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा पुतळा उभा आहे. या पुतळ्यावरून मी कित्येकदा बसने गेलो असेन. कोणी मंत्री असतील अशी माझी समजूत होती! घराघरांतून आणि मठामठांतून कसर लागलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या गोळा करून प्राचीन तमिळ काव्ये ज्याने छापून काढली, तो हा पुरुष. आपल्या राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली, त्याच काळात हाही हिंडत होता. राजवाड्यांचे नाव निघताच आपण छाती फुगवतो, आणि त्यांच्या या सहोदराचे नाव आपल्याला ठाऊक नसते. तिरुवल्लिकेणीतले त्याचे राहते घर 2012 साली पाडले गेले. तमिळांनी ते पडू दिले, म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. मी तर त्याच पेठेत राहतो, आणि असे घर होते हेही मला त्या दिवशी कळले.

तिथून दक्षिणेला विवेकानंदर इल्लम्. जुने लोक अजून त्याला आइस हाऊसच म्हणतात. 1842 साली अमेरिकेतल्या ट्यूडरच्या कंपनीने बोटीने येणारा बर्फ साठवण्यासाठी ही गोल इमारत बांधली. पुढे ती बिळिगिरी अय्यंगारांनी घेतली. 1897 च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले. आतल्या प्रदर्शनात त्यांचे चरित्र चित्रांतून मांडले आहे आणि ते आपल्याला थोडेफार माहीत असते. मला चटका लावला तो याच वास्तूच्या दुसऱ्या एका इतिहासाने. स्वतः बालविधवा असलेल्या, 1911 साली प्रेसिडेन्सीतून पदवीधर झालेल्या सुब्बलक्ष्मी या बाईंनी बालविधवांचे वसतिगृह इथे चालवले. सौभाग्यवती तिथेच थबकली आणि म्हणाली, “म्हणजे हे इथले हिंगणेच की!” अण्णासाहेब कर्व्यांचे चरित्र तिने दोनदा वाचलेले आहे, सुब्बलक्ष्मींचे नाव मात्र आमच्या घरात त्या दिवशी प्रथम उच्चारले गेले.

आता यावर आपले बंधू काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ‘अहो, बदलीची नोकरी! आज इथे, उद्या गुवाहाटीला. कशाकशाची भाषा शिकायची?’ हेच बंधू मुंबईत जन्म काढून मराठीचे अक्षर न ओळखणाऱ्या परप्रांतीयावर तास तास बोलतात. मीही बोललो आहे. त्यांच्या तोंडून तो राग मला न्याय्यही वाटतो. परंतु तोच माप इथल्या भाजीवालीने आपल्याला लावला, तर आपण काय उत्तर देणार? ती तो लावत नाही, हा तिचा सभ्यपणा.

दुसरा आक्षेप असा, की मुलांचे मराठी बिघडेल. तंजावरी मराठी कुटुंबांनी व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळ शेजारात राहून घरची मराठी राखली आहे. कुंभकोणचे सर टी. माधवराव त्यांच्यातलेच. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकून निघालेला हा गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. बदल्या त्यालाही चुकल्या नाहीत. आणि आपण? तंजावरी मंडळींचे मराठी ऐकून मंडळाच्या मागच्या बाकांवर खुसखुसतो.

परतताना आम्ही भारती सालैने आत वळलो. मी तिला आजवर ‘पायक्रॉफ्ट्‌स रोड’च म्हणत होतो. तुळसिंगपेरुमाळ कोविल रस्त्यावर सुब्रह्मण्य भारतींचे अखेरचे भाड्याचे घर 1993 पासून स्मारक म्हणून जपले आहे. सुरतेच्या 1907 च्या काँग्रेसला टिळकांच्या बाजूने गेलेला, शिवछत्रपतींनी सैन्यास केलेल्या आवाहनावर तमिळमध्ये काव्य लिहिणारा हा कवी. पार्थसारथीच्या देवळातल्या हत्तीने त्याला आघात केला, आणि काही महिन्यांनी, 1921 च्या सप्टेंबरात, चाळिशीही न गाठता तो गेला. समोरच्या समुद्रकिनाऱ्याच्या एका भागाला स्वातंत्र्यचळवळीतले लोक ‘तिलक घाट’ म्हणत. आपल्या टिळकांना या लोकांनी आपल्या वाळूत जागा दिली होती. भारतींना आपण कुठे दिली?

घरात भिंतीवर त्यांच्या ओळी लिहिलेल्या होत्या. कन्या एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. मी तिच्या मागे उभा. धाकट्याने विचारले, “बाबा, तुम्ही का नाही वाचत?” सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पहिलीची तमिळ अंकलिपी आणली आहे. ‘अ’ आणि ‘आ’ झाले. ‘इ’ पाशी हात अजून वाकत नाही. कन्या रोज जेवणानंतर पाटी तपासते आणि फार कडक गुण देते.